घरी बनवलेले कोलायडल सिल्व्हर: मीटरच्या आकड्यावरून चांदी किती धरायची?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मातीच्या वॉटर फिल्टरला आतून लावायला आणि केळीच्या टिश्यूकल्चरच्या बाटल्यांत चाचणी घ्यायला चांदीचे १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) द्रावण हवे आहे. मांडणी अशी: ९९९ टंचाच्या दोन तारा, जाडी १.६ मिमी, पाण्यात १० सेंमी बुडलेल्या, मधले अंतर ४ सेंमी. एक लिटर डिस्टिल्ड पाणी, कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) सुरुवातीला १ मायक्रोसीमेन्स. २४ व्होल्ट डीसी, लिमिटर ५ मिलिअँपिअरवर. वेळ दोन तास. पाण्याचे तापमान २७.

शेवटी तीन मीटर बुडवले. शुद्ध पाण्याचा कंडक्टिव्हिटी मीटर म्हणतो २१ मायक्रोसीमेन्स. आरओवाल्याचा टीडीएस पेन म्हणतो १० पीपीएम. ड्रिपच्या खताचा ईसी मीटर म्हणतो ०.०२. आणि फॅरेडेचा हिशेब (करंट आणि वेळेवरून सुटलेली चांदी) केला तर ५ मिलिअँपिअर गुणिले दोन तास म्हणजे ४० पीपीएम येते. दहा, एकवीस की चाळीस? कोणता आकडा बाटलीवर लिहायचा?

कळण्याची_भाकर

आधी मीटरांचे बघू.

ड्रिपचा ईसी मीटर बाजूला ठेवा. रावेर-यावलकडे घरटी सापडणारा हा मीटर मिलिसीमेन्समध्ये मोजतो, त्याची शेवटची पायरी ०.०१ म्हणजे १० मायक्रोसीमेन्स. त्याच्यासाठी १६ आणि २४ एकच.

टीडीएस पेन पीपीएम दाखवतो, पण ते चांदीचे नाहीत. तो मोजतो कंडक्टिव्हिटीच आणि आतल्या आत ०.५ ने गुणतो, कारण पाण्यात मीठच आहे असे तो गृहीत धरतो. काही पेन ०.७ ने गुणतात. तुमचा कोणता, हे कळायला १४१३ मायक्रोसीमेन्सच्या कॅलिब्रेशन द्रावणात बुडवा. ७०० च्या आसपास आला तर ०.५ वाला, ९९० च्या आसपास आला तर ०.७ वाला. शिवाय पेनची पायरी १ पीपीएमची, म्हणजे २ मायक्रोसीमेन्सची. दहाच्या आकड्यावर एवढी ढील परवडत नाही.

कामाचा मीटर तो, जो ० ते ९९.९ मायक्रोसीमेन्समध्ये ०.१ च्या पायरीने दाखवतो. हॅनाचा पीडब्ल्यूटी याच जातीचा आहे, ८४ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर लावतात. १४१३ वर लावून २० च्या खाली मोजणे म्हणजे धान्याच्या काट्यावर मंगळसूत्र तोलणे.

८४ चे द्रावण मिळत नसेल तर घरी करता येते. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड ११० अंशांवर दोन तास वाळवा, ७४५ मिलिग्रॅम तोलून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, हे झाले १४१३. त्यातले ५० मिली घेऊन पुन्हा एक लिटर करा. २५ अंशांवर ७४ यायला हवे, त्यात पाण्याचा स्वतःचा एक मिळवा. (खताचे एमओपी नको भो, तिथे शुद्धतेचा भरवसा नाही.)

सातपुडा_लॅब

आता चाळीसचे बघू. ५ मिलिअँपिअर दोन तास, हेच मुळात घडलेले नाही.

लिमिटर ५ वर आहे याचा अर्थ करंट ५ च्या वर जाणार नाही, एवढाच. १ मायक्रोसीमेन्सच्या पाण्यात तुमच्या तारांमधला रोध साधारण १२४ किलोओहम येतो. २४ व्होल्टला भागा: ०.२ मिलिअँपिअर. पाणी २० मायक्रोसीमेन्स झाले तरी करंट चारच्या आतबाहेर. लिमिटर दोन तास हात जोडून बसलेला होता, करंट पाणीच अडवत होते.

म्हणून या कामात पहिला तास मीटर हलत नाही आणि मग एकदम सुटतो. चांदी उतरली की कंडक्टिव्हिटी वाढते, ती वाढली की करंट वाढतो, त्याने आणखी चांदी उतरते. तुमच्या मांडणीत कंडक्टिव्हिटी दुप्पट व्हायला २०-३० मिनिटे लागतील. एकदा दहाच्या वर गेले की पाच मिनिटांचे दुर्लक्षही महाग पडते.

फॅरेडेचे गणित बरोबर आहे: १ मिलिअँपिअर एक तास वाहिला की ४.०२ मिलिग्रॅम चांदी सुटते. एका लिटरात १० पीपीएमसाठी २.५ मिलिअँपिअर-तास पुरे. पण करंट खरा मोजलेला हवा. मल्टिमीटर सिरीजमध्ये कायमचा ठेवा आणि दर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंद करा. पहिला तास वाचवायचा असेल तर जुन्या बॅचचे १०० मिली नव्या पाण्यात घाला. मीठ किंवा सोडा घालून वेग वाढवणारे व्हिडिओ विसरा. मीठ घातले की पांढरा गाळ, सोडा घातला की मीटर सोड्याचा आकडा सांगणार.

लिमिटर एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीचा असेल तर एक ध्यानात ठेवा, त्याला स्वतःलाच साडेतीन ते दहा मिलिअँपिअर किमान करंट लागतो. ५ ही त्याची काठावरची जागा आहे. १-२ मिलिअँपिअरवर बांधायचे असेल तर दोन ट्रान्झिस्टरचा साधा लिमिटर करा: १ मिलिअँपिअरला ६२० ओहम, ५ ला १२० ओहम.

टंच९९९

एवढे कशाला? १ मायक्रोसीमेन्स म्हणजे १ पीपीएम, हे सगळे जण धरतात. २१ आले म्हणजे २१ पीपीएम.

सातपुडा_लॅब

हा नियम अर्धा खरा आहे, आणि कोणता अर्धा ते कळले नाही तर दुपटीची चूक होते.

मीटर चांदी मोजत नाही. पाण्यात विद्युतभार घेऊन पळणारे (आयन) जेवढे आहेत त्या सगळ्यांची बेरीज तो दाखवतो. चांदीचा आयन एकटा पाण्यात राहू शकत नाही, त्याला जोडीदार लागतो. इलेक्ट्रॉलिसिसमध्ये ऋण तारेवर हायड्रोजन सुटतो आणि मागे हायड्रॉक्साइड राहतो, तोच पहिला जोडीदार. पळण्याची ताकद बघा: चांदीचा आयन ६२, हायड्रॉक्साइड १९८, बायकार्बोनेट ४४.५ (मोलर आयनिक कंडक्टिव्हिटी, २५ अंशांवर). १ पीपीएम चांदी म्हणजे लिटरला ९.२७ मायक्रोमोल. मग

हायड्रॉक्साइडसोबत: ९.२७ × (६२ + १९८) ÷ १००० = २.४ मायक्रोसीमेन्स
बायकार्बोनेटसोबत: ९.२७ × (६२ + ४४.५) ÷ १००० = ०.९९ मायक्रोसीमेन्स

म्हणजे ताज्या द्रावणात १ पीपीएमला सुमारे २.४. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून हायड्रॉक्साइडचे बायकार्बोनेट झाले की १ पीपीएमला १. एकास एकचा नियम आला तो इथून, मुरलेल्या द्रावणावरून. ताज्या द्रावणाला तो लावला की आकडा दुपटीहून फुगतो. २१ पीपीएम म्हणणारे इथे फसतात.

आणि टीडीएस पेनचा १० बरोबर आला, हा योगायोग आहे. २१ ला ०.५ ने गुणले म्हणून १०. तीच बाटली दोन दिवस हवेत राहू द्या, पेन ५ दाखवेल. चांदी तेवढीच असेल.

टंच९९९

मान्य. पण मग दोन्हींच्या मधल्या अवस्थेत काय धरायचे? दीड? दोन?

सातपुडा_लॅब

मधल्या अवस्थेत धरायचेच नाही. दोन टोकांना मोजा.

पहिले मोजमाप सप्लाय बंद केल्यावर लगेच, भागिले २.४. दुसरे एक-दोन दिवसांनी, रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात, वर फक्त पातळ कापड, अंधारात. आकडा घसरायचा थांबला की तोच जवळपास पीपीएम. दोन्ही उत्तरे एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांत आली तर मोजमाप विश्वासाचे. पहिले उत्तर थोडे कमी येणार हे धरूनच चला. डिस्टिल्ड पाण्यात आधीच थोडा कार्बन डायऑक्साइड असतो (त्या १ मायक्रोसीमेन्सचा बहुतेक भाग त्याचाच), आणि दोन तासांत हवेतूनही शिरतो. त्यामुळे काही हायड्रॉक्साइड सुरुवातीलाच बदललेला असतो.

याच कारणाने सुरुवातीचा १ वजा करायची गरज नाही. तो आकडा कार्बोनिक आम्लाच्या हायड्रोजन आयनांचा, आणि इलेक्ट्रॉलिसिस सुरू होताच हायड्रॉक्साइड त्यांना खाऊन टाकतो. पहिल्या काही मिनिटांत मीटर १ वरून खाली जाताना दिसला तर मीटर बिघडलेला नाही. पाणी ३-४ मायक्रोसीमेन्सचे असेल तर मात्र त्यात दुसरे काही आहे. ते पाणी बदला.

ढवळायला ॲक्वेरियमचा हवापंप लावत असाल तर ‘ताजे’ मोजमाप ताजे राहत नाही, पंप कार्बन डायऑक्साइड आत ढकलत असतो. गुणांक २.४ धरायचा तर मॅग्नेटिक स्टररने किंवा काचेच्या कांडीने ढवळा.

भुसावळ_४७

तापमानाचे कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. कंडक्टिव्हिटी दर अंशाला सुमारे २ टक्के चढते, मीटर २५ अंशांना धरून चालतो. मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याखाली ठेवलेले पाणी सहज ४० च्या वर असते. ४२ अंशांच्या पाण्यात भरपाई नसलेला मीटर ३४ टक्के जास्त सांगेल. ऑटो तापमान भरपाई असलेला मीटर हे सावरतो, पण पेन त्या पाण्याच्या तापमानाला यायला मिनिट-दीड मिनिट घेतो. बुडवला, वाचला, काढला असे करू नका. सोपा उपाय: पाणी माठाशेजारी ठेवा, पहाटे बॅच लावा, २५ च्या जवळ मोजा.

मोजण्याच्या बाकी खोड्या:

सप्लाय बंद करून, तारा बाहेर काढून मगच मीटर बुडवा. चालू करंटमध्ये तारांच्या मधल्या विद्युत क्षेत्राने आकडा नाचतो. पेन हलवून टोकावरचा बुडबुडा काढा, नाहीतर आकडा कमी दिसतो.

पेन त्याच डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खळखळवा. बोअरचे पाणी १५०० मायक्रोसीमेन्सचे असेल, तर पेनला चिकटलेला त्याचा ०.१ मिलीचा थेंब १०० मिली नमुन्यात १.५ मायक्रोसीमेन्स वाढवतो, आणि त्यातल्या क्लोराइडने चांदी खाली बसते ती वेगळीच.

बाटलीच्या तोंडाशी मोजू नका. १०० मिली वेगळ्या बीकरमध्ये घ्या, मोजून झाले की परत ओतू नका.

वांग्याचं_भरीत

पाण्याबद्दल एक. ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळते ते बहुतेक डीएम (क्षार काढलेले) असते, चालते, पण दर कॅन मीटरवर बघा. २ च्या आत असेल तरच घ्या. आरओचे चालणार नाही. १० पीपीएम चांदीसमोर लिटरला ०.०७ मिलिग्रॅमच्या वरचे क्लोराइड सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढरे फुटते, आणि आरओच्या पाण्यात क्लोराइड याच्या कितीतरी पट असते. एसीच्या पाईपचे पाणी वापरा म्हणणारेही भेटतात. त्यात कॉइलची धूळ आणि तांबे असते.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. त्याच मांडणीत बॅच परत लावली, या वेळी करंटच्या नोंदी घेतल्या. सुरुवातीला ०.२ मिलिअँपिअर, ३० मिनिटांनी ०.४, ६० ला ०.९, ९० ला १.९, १२० ला ४.०. शेवटी पुन्हा २१, ऑटो भरपाईसह, काचेच्या कांडीने ढवळून.

सातपुडा_लॅब

हिशेब सोपा आहे. लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी काढून अर्ध्या तासाने गुणा आणि बेरीज करा:

०.१५ + ०.३२५ + ०.७ + १.४७५ = २.६५ मिलिअँपिअर-तास

गुणिले ४.०२ म्हणजे १०.७ मिलिग्रॅम. ही कमाल, याच्यावर चांदी असूच शकत नाही. मीटरवरून २१ ÷ २.४ = ८.७५, ही खालची बाजू. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये. फरक पडतो कारण थोडी चांदी ऋण तारेवर काळी-करडी लव होऊन परत बसते, थोडा हायड्रॉक्साइड वाटेत बदलतो, आणि करंट वाकून चढत असताना अर्ध्या तासाची सरासरी जरा जास्त धरते. शेवटच्या तासात दर दहा मिनिटांनी नोंद घेतली तर ती चूक जाते.

टंच९९९

माझा भरवसा वजनावर. आपल्या जळगावात सराफ बाजार असताना चांदी मीटरने का मोजायची? तारा आधी तोला, नंतर तोला, फरक तो पाण्यात.

करताना एवढे बघा. दोन्ही तारा तोला, एक नाही, कारण एकीचे सुटते आणि दुसरीवर बसते. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, पुसू नका, ऊबदार जागी पूर्ण वाळवा. काटा १ मिलिग्रॅमचा हवा. १० मिलिग्रॅमच्या काट्यावर एका लिटरचा हिशेब करणे फुकट आहे, सगळी चांदीच १० मिलिग्रॅमची. १ मिलिग्रॅमच्या काट्यावरही दोन वजनांची चूक मिळून दहा-वीस टक्के जाते. पाच लिटरची बॅच करा, फरक ५० मिलिग्रॅमचा येईल, मग आकड्याला वजन येते.

तार घेताना टंच मशीनवर ९९९ दाखवून घ्या. पैंजणाची किंवा ताटाची चांदी नको. ९२५ मध्ये साडेसात टक्के बहुतेक तांबे असते, तेही पाण्यात उतरते आणि मीटर ते चांदीत मोजतो. डाग दिलेली तार तर अजिबात नको. आणि मगरचिमटा पाण्याला लागू देऊ नका, त्याचा निकेल उतरतो.

सातपुडा_लॅब

वजनाची पद्धत उत्तम, एक दुरुस्ती. तारेवरून सुटलेले सगळे विरघळलेले नसते. तळाला काळी-तपकिरी मळी बसली असेल तर तिचे वजनही तुमच्या फरकात आहे. ते आपोआप वजा होत नाही.

कळण्याची_भाकर

ती मळी म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. हायड्रॉक्साइडसोबत चांदी साधारण १५ पीपीएमच्या आसपासच विरघळते, तिथून पुढे ऑक्साइड होऊन पडायला लागते. त्यामुळे ‘रात्रभर लावून ५० पीपीएम केले’ असे कोणी म्हणाले की समजावे, करंटचा हिशेब ५० चा आणि तळाला गाळ.

मीटर ही गोष्ट छान पकडतो. करंटची बेरीज आडवी आणि मायक्रोसीमेन्स उभे असा आलेख काढा. एका लिटरात दर मिलिअँपिअर-तासाला तात्त्विक वाढ ९.७ मायक्रोसीमेन्स, प्रत्यक्षात ७-८ मिळाली तरी ठीक. चढ वाकून सपाट झाला की थांबा. पुढचा करंट मळी आणि लव बनवतो. दहाच्या आसपास थांबणे म्हणूनच शहाणपणाचे, वर जागा उरते.

लव कमी करायची तर दर दोन-तीन मिनिटांनी टोके उलटी करणारा रिले लावा.

वांग्याचं_भरीत

अजून एक गोष्ट, बहुतेकांची फसगत इथे होते. वरचे सगळे गणित बिनरंगी द्रावणाला लागू आहे. तुमचे द्रावण बिनरंगी असेल तर ते खरे तर कोलायड (तरंगते धातूचे कण) कमी आणि आयनिक चांदी जास्त आहे, नाव काहीही असो. मीटर फक्त आयन मोजतो, धातूचे कण त्याला दिसत नाहीत.

द्रावण पिवळे झाले म्हणजे काही चांदी धातूचे नॅनोकण झाली, हे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश खातात म्हणून पिवळे दिसतात. तेव्हा मीटर उतरतो आणि चांदी तेवढीच असते. ग्लुकोज, सायट्रेट वगैरे घालून मुद्दाम पिवळे केले असेल तर मीटर कपाटात ठेवा. सायट्रेट आणि सोड्याचे आयनच तो मोजणार.

साधी परीक्षा: काचेच्या बशीत १० मिली घेऊन मिठाच्या पाण्याचा एक थेंब. लगेच दुधट झाले तर चांदी आयन रूपात. पिवळे होते आणि दुधट न होता पिवळेच राहिले तर बहुतांश कण.

भुसावळ_४७

साठवण तपकिरी काचेत, अंधारात. प्लास्टिकवर आणि साध्या काचेवरही चांदी चिकटते. महिन्याभराने मीटर पुन्हा लावून घसरलेला आकडा बघितलात तर त्यातले किती चिकटले, किती पिवळे झाले आणि किती नुसता जोडीदार बदलला, हे मीटर सांगू शकत नाही. म्हणून बाटलीवर मुरलेला आकडा आणि त्याची तारीख, दोन्ही लिहा.

संपादक मंडळ

धागा मोजमापाचा आहे, तसाच राहू द्या. पिण्याबद्दलचे तीन प्रतिसाद काढले आहेत. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. इथले द्रावण त्याच्या शंभरपट आहे. अंगात साठलेल्या चांदीने त्वचा करडी-निळी होते, त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग जात नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कोलायडल सिल्व्हरची विनाचिठ्ठी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानली जात नाहीत असा नियम केला. पिण्याच्या, डोळ्यांत घालण्याच्या, वाफ घेण्याच्या कृती इथे चालणार नाहीत.

कळण्याची_भाकर

तापीकाठ भाऊ, टिश्यूकल्चरसाठी म्हणालात म्हणून. मुराशिगे-स्कूग या टिश्यूकल्चरच्या पोषक माध्यमात कॅल्शियम क्लोराइड लिटरला ४४० मिलिग्रॅम असते, म्हणजे क्लोराइड सुमारे ६ मिलिमोल. तुमची आयनिक चांदी त्यात पडल्या पडल्या सिल्व्हर क्लोराइड होईल. बाटलीत १० पीपीएम मोजून घातले तरी मोकळी चांदी नगण्य उरेल. तिथे लागतात चांदीचे कण किंवा सिल्व्हर थायोसल्फेट, आणि त्या दोन्हींना हा मीटर उपयोगाचा नाही. फिल्टरच्या मडक्याला मात्र आयनिक चालेल. भाजलेली माती क्लोराइडच्या पाण्याने धुतलेली नसावी एवढेच.

तापीकाठ

मुरलेला आकडा: पहिल्या दिवशी संध्याकाळी १३.८, दुसऱ्या दिवशी ९.९, तिसऱ्या दिवशी ९.६ आणि तिथेच थांबला. रंग नाही, मळी नाही. म्हणजे साडेनऊ धरू?

सातपुडा_लॅब

९.६ ÷ ०.९९ = ९.७. खालची बाजू ८.७५, कमाल १०.७, मध्ये बसते. बाटलीवर ‘९.५, अधिक-उणे १’ लिहा.

पक्के करायचे असेल तर एएएस (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन, धातू मोजण्याची तपासणी) करून देणाऱ्या लॅबला नमुना पाठवा, पण नुसते द्रावण भरून देऊ नका. वाटेत अर्धी चांदी बाटलीच्या भिंतीला चिकटेल आणि रिपोर्टला दोष द्याल. १०० मिली द्रावणात १ मिली शुद्ध नायट्रिक आम्ल घाला, हातमोजे घालून, आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. हायड्रोक्लोरिक घालू नका. गडद एचडीपीई बाटली, आधी त्याच आम्लाच्या पाण्याने धुतलेली. सोबत तेवढेच आम्ल घातलेले कोरे डिस्टिल्ड पाणी दुसऱ्या बाटलीत द्या, म्हणजे लॅबला शून्य कुठे धरायचे ते कळेल.

टंच९९९

आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नका, सेप्टिक टँकचे जंतू मरतात. बादलीत मीठ घालून रात्रभर ठेवा, खाली बसेल तो पांढरा-जांभळा गाळ गाळून वाळवून डबीत साठवा. चांदी आहे ती, वर्षभराची साठली की गाळणीवाला घेतो.